चार थोटकं

१

खट्.

दुपारी अडीचच्या सुमारास आमच्या घरात कुणी जोरात शिंकतसुद्धा नाही. मुंगी झोपलेली असते. मुंगी म्हणजे माझी पाच वर्षांची लेक. एका जागी बसत नाही आणि साखरेचा डबा कुठंही लपवला तरी शोधून काढते, म्हणून मुंगी. ती झोपली की तो तासभर माझा. त्या शांततेत मागच्या खोलीतून कुलपाचा एवढासा आवाज आला आणि मी चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबले. मागच्या खोलीतलं कपाट फक्त रविवारी उघडतं. आज सोमवार होता.

जाऊन पाहते तर बाबा, म्हणजे माझे सासरे, कपाटाला कुलूप लावून किल्ली खिशात टाकत होते. कपाटाला काचेची दारं आहेत, आतलं सगळं दिसतं. आत काहीच नव्हतं. वरच्या फळीवरच्या धुळीत तेवढा एक स्वच्छ चौकोन उरला होता, एका पेटीच्या आकाराचा.

रिकाम्या कपाटाला माणूस कुलूप कशाला लावतो?

त्या पेटीबद्दल आधी सांगायला हवं. बाबांनी उभा जन्म रंगांच्या कारखान्यात रंग जुळवले. निवृत्तीनंतर ते वास जुळवू लागले. चांगले सिगार चाखायचे आणि त्यांना मार्क द्यायचे, हा त्यांचा छंद. छंद म्हणजे कसा, तर महिन्यातून एक रविवार, मागच्या खोलीचं दार घट्ट लावून बाबा, घड्याळवाले काका, रेडिओकाकू आणि दातांचे डॉक्टर असे चौघं मित्र बसणार. सिगारवरच्या कंपनीच्या कागदी पट्ट्या आधीच काढलेल्या, म्हणजे नावाला भुलून कुणी मार्क देऊ नयेत. तासभर कुणी बोलायचं नाही. प्रत्येकानं आपापल्या वहीत लिहायचं: पान कसं, राख कशी, जळण सरळ की तिरकं, चव कशी सुरू झाली आणि कुठं संपली. शंभरपैकी मार्क. मग बाबा आंघोळ करणार, धुतलेला सदरा घालणार आणि तेव्हाच नातीला उचलणार. मी या घरात आल्यापासून हा नेम एकदाही चुकला नव्हता.

आणि पेटी सासूबाईंची. त्यांनी बाबांना निवृत्तीच्या दिवशी दिलेली. दोन्ही टोकांना निमुळते होत जाणारे सिगार, देवदारी लाकडाच्या पेटीत, कोपऱ्यात ओलाव्यासाठी स्पंजची छोटी डबी. सासूबाई गेल्या. सिगार मुरत राहिले. वर्षातून एकदाच त्यातले सिगार काढायचे आणि चौघांनी एकेक घ्यायचा. तो दिवस काल झाला होता.

“पेटी कुठंय, बाबा? चोरीला गेली?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. किल्ली खिशात चाचपत राहिले.

“पेटी मीच देऊन टाकली, रेडिओकाकूंना. चोरीला गेलंय ते माझं नाक.”

२

बाबा फारसं बोलणारे नाहीत. त्या दिवशी मात्र पलंगाच्या काठावर बसून एकेक वाक्य बाजूला ठेवावं तसं बोलले.

काल सिगार पेटवल्यावर त्यांना पहिल्याच झुरक्यात लवंगेचा वास आला. तंबाखूत मसाल्याची छटा असते, पण ही छटा नव्हती, नुसती लवंगच. थोड्या वेळानं जिभेचं टोक बधिर झालं. त्यांना वाटलं, कुणीतरी सिगार बदलला. पेटी उघडून उरलेल्यांचा वास घेतला, तर तोच. मग त्यांनी तिघा मित्रांना विचारलं, काही वेगळं जाणवतंय का. तिघांनी वास घेतला. तिघंही म्हणाले, नाही, नेहमीसारखंच आहे, फर्स्ट क्लास. वह्या उघडल्या तर तिघांचे मार्क नव्वदीच्या वर. बाबांनी दिले होते अठ्ठेचाळीस.

“म्हणजे वास सिगारला नाही,” बाबा म्हणाले. “मला येतोय. नसलेला.”

मी म्हटलं, नुकतीच सर्दी होऊन गेली तुम्हाला. आमच्या घरी सर्दी आणली बाबांनीच, त्यांच्याकडून मुंगीला, मुंगीकडून मला. माझं नाक त्या क्षणीही विटेसारखं बंद होतं, नाहीतर मीच पेटी हुंगून निकाल लावला असता. बाबांनी मान हलवली. सर्दी जाऊन आठवडा झाला होता. नाक मोकळं होईपर्यंत ते मुद्दाम थांबले होते.

मग त्यांनी ते सांगितलं, जे त्यांच्या मुलालाही कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या वडलांना आधी असेच नसलेले वास यायचे. जळक्या लोकरीचा. घरभर शोधायचे, काय जळतंय म्हणून. दोन वर्षांनी त्यांनी बाबांनाच विचारलं, आपण कोण?

“शनिवारी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. त्याला काही कळवू नकोस.” त्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. तो कामासाठी महिनाभर बाहेर होता. “आणि उद्यापासून मुंगीला शाळेत तू ने. मधे मोठा रस्ता आहे. माझा मलाच भरवसा नाही.”

बालवाडीच्या पहिल्या दिवसापासून मुंगीला शाळेत बाबाच नेतात. रस्ता ओलांडताना ती त्यांचं बोट धरत नाही, तेच तिचं धरतात, असं ती सगळ्यांना सांगते. तिला हे कसं समजावायचं, याचा विचार करत मी उठले, कारण आत ती जागी झाल्याची चुळबुळ ऐकू येत होती. जाता जाता बाबा म्हणाले, कपाटाखालच्या खणात चौघांच्या वह्या आहेत, तिघांच्या परत दे, माझी रद्दीत टाक.

वह्या घ्यायला वाकले आणि टेबलावरच्या चार रक्षापात्रांकडे लक्ष गेलं. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ती घासूनपुसून ठेवतात. आज त्यांना हात लागला नव्हता. ज्याच्या त्याच्या खुर्चीसमोर ज्याचं त्याचं थोटूक.

त्यातली तीन थोटकं चांगली बोटाएवढी लांब होती.

३

सिगार आवडला की ही मंडळी तो बोटं भाजेपर्यंत सोडत नाहीत. सासूबाई यावरून बाबांना चिडवायच्या, की तुम्ही आता काडीनं टोचून ओढा. मग ज्या सिगारला एक्क्याण्णव आणि त्र्याण्णव मार्क पडले, तो एक तृतीयांश ओढून कुणी विझवेल का?

बाबांचं थोटूक लांब होतं, ते ठीक. त्यांना आवडलाच नव्हता. पण घड्याळवाल्या काकांचंही तेवढंच होतं. रेडिओकाकूंचं तर त्याहून लांब. फक्त दातांच्या डॉक्टरांच्या रक्षापात्रात नखाएवढं काहीतरी उरलं होतं.

मुंगीला दूध देऊन चित्रांचं पुस्तक समोर ठेवलं आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर चारही वह्या मांडल्या. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला माहीत आहे. पण मुंगी व्हायच्या आधी मी शाळेत शिकवायचे. दहा वर्षं मी दुसऱ्यांच्याच वह्या वाचल्या.

घड्याळवाले काका, काल: भाजलेला बदाम, जुनं चामडं, शेवटी मध. जळण तिरकं, डावी बाजू पुढे. एक्क्याण्णव.

रेडिओकाकू, काल: बदाम, चामड्याचा सुरेख वास, मधाळ शेवट. तिरकं जळण, पण माफ. त्र्याण्णव.

मी पानं मागं उलटली. गेल्या वर्षी याच सिगारला दोघांनी जवळजवळ हेच शब्द लिहिले होते. त्यात एवढं काय, एकाच पेटीतला सिगार, चव तीच असणार. वही मिटता मिटता मी थांबले.

जळण तिरकं.

गेल्या वर्षी मागच्या खोलीला रंग देणं चालू होतं. चौघं गच्चीवर बसले होते. वारा सुटला होता, रुमाल उडून शेजारच्यांच्या अंगणात गेला होता, आणि वाऱ्यामुळे सगळ्यांचे सिगार एका बाजूनं भराभर जळाले होते. काल खोलीची दारं-खिडक्या बंद होत्या. मी परत मागच्या खोलीत जाऊन थोटकं पाहिली. चारही सरळ जळालेली, सुरीनं कापल्यासारखी.

वर्गात दहा मुलांचं बरोबर उत्तर सारखं असू शकतं. चूक सारखी निघाली, की समजायचं, कुठूनतरी उतरवलंय. या दोघांनी काल सिगार चाखून लिहिलंच नव्हतं. आपलं स्वतःचं गेल्या वर्षीचं पान बघून लिहिलं होतं.

दातांच्या डॉक्टरांची वही मी शेवटी उघडली. त्यांनी लिहिलं होतं: जळण अगदी सरळ. राख पांढरी, घट्ट. यंदा कोको वाटतोय, गेल्या वर्षी नव्हता. ब्याण्णव. शेवटपर्यंत ओढला, बोट भाजलं.

तीन मित्र, तिघांचे मार्क सारखे. दोघं खोटं बोलत होते आणि तिसरा मनापासून खरं. मग लवंग कुणाच्या नाकात होती?

४

घड्याळवाल्या काकांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खाच आहे. ते डोळ्याला भिंग लावून बसले होते. वही समोर ठेवली आणि सरळ विचारलं, काका, काल सिगार का विझवलात?

त्यांनी भिंग काढलं नाही. एक डोळा भला मोठा दिसत होता आणि तोच आधी ओला झाला. हळू आवाजात त्यांनी कबूल केलं. लवंगेचा वास त्यांनाही आला होता. वाटलं, आपल्याच तोंडात काही राहिलं असेल. पट्टी काढली म्हणून काय झालं, त्या निमुळत्या आकारावरून सिगार कुठल्या पेटीतला ते आंधळ्यालाही कळलं असतं. वहिनींची पेटी. तिला पन्नास मार्क कसे द्यायचे? बाबा कॉफी आणायला गेले तेवढ्यात त्यांनी गेल्या वर्षीचं पान चोरून पाहिलं.

“तुझ्या सासऱ्याचं तोंड बघवत नव्हतं गं,” ते म्हणाले. “पेटीचं झाकण उघडताना तो दरवर्षी हात धुतो. ते बघितलं की माझ्याच्यानं खरं लिहवत नाही.”

रेडिओकाकू वेगळ्या. तीस वर्षं रेडिओवर निवेदिका होत्या, अजूनही दार उघडताना बातम्या सुरू होणार असं वाटतं. मुंगीला कडेवर घेऊन गेले तर आधी मुंगीच्या शेंबडाला रुमाल दिला, मग मला खुर्ची. पेटी त्यांच्या बैठकीत, दोन पिशव्यांत गुंडाळून, वर गाठ मारून ठेवली होती.

मी पिशव्यांकडे बघत राहिले. काकूंनी माझ्याकडे बघितलं.

“बघू नकोस अशी. सगळी बैठक लवंग लवंग झालीय माझी. सोफ्यालासुद्धा वास मारतोय.”

मग काल का बोलला नाहीत, म्हटलं. त्यांचं म्हणणं असं, की ताप एकशे तीन असताना त्यांनी श्रोत्यांना प्रसन्न सकाळ दिलेली आहे, एका सिगारला त्र्याण्णव देणं म्हणजे काय मोठंसं. शिवाय घड्याळवाला गप्प, डॉक्टर मिटक्या मारतोय, तेव्हा वाटलं बिघाड आपल्यातच असणार. आणि नसला तरी त्या पेटीला नावं ठेवणारी मी कोण, असं त्या म्हणाल्या.

मी त्यांना बाबांचं सांगितलं. त्यांच्या वडलांचं, शनिवारचं, मुंगीच्या शाळेचं. काकू उठल्या, खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. 

“आम्ही दोघांनी मिळून त्याला वेडा ठरवला की गं,” एवढंच म्हणाल्या.

जिना उतरताना माझे पाय हलके झाले होते, मुंगी कडेवर असूनही. लवंग होती. तीन नाकांना येत होती. बाबांचं नाक शाबूत होतं. पण हे नुसतं सांगून बाबांना पटलं नसतं. त्यांना वाटलं असतं, काल पेटीवरच्या मायेपोटी खोटं लिहिलं, आज माझ्यावरच्या मायेपोटी खोटं बोलताहेत. लवंग पेटीत आली कुठून, हे हातात धरून दाखवायला हवं होतं.

आणि चौथ्या नाकाला ती का आली नव्हती?

५

लवंगेचा वास कुणाला येत नाही? जो लवंगेतच राहतो त्याला.

हे मला रस्त्यातच सुचलं आणि मी अशी थांबले, की मागून येणारी सायकल वळवावी लागली. घरी येऊन मी बाबांच्या कपाटामागचा कोनाडा पाहिला. पेटीतल्या स्पंजाला साधं पाणी चालत नाही, क्षार साचतात, बुरशी धरते. त्याला लागतं डिस्टिल्ड वॉटर, आणि ते चौघांना डॉक्टरच पुरवतात, त्यांच्या दवाखान्यात उपकरणं उकळायला लागतंच. नेहमी प्लास्टिकच्या बाटलीतून येतं. कोनाड्यात या वेळी तपकिरी काचेची बाटली होती, अर्धी संपलेली. बाबांनी स्पंज भिजवला तो तीन आठवड्यांपूर्वी, म्हणजे ऐन सर्दीत. बाटली नाकाखाली धरूनही त्यांना तेव्हा काही कळलं नसतं. मलाही आता कळत नव्हतं.

बाटली पिशवीत घालून मी मुंगीसह दवाखाना गाठला. बाहेर एक गृहस्थ गालाला रुमाल बांधून बसले होते. डॉक्टरांनी मुंगीचे दात मोजले, वीस भरले, शाबासकी दिली. मग मी बाटली काढली.

डॉक्टर खूश झाले. जुनी बाटली तडकली म्हणून या खेपेला त्यांनी दवाखान्यातलीच एक रिकामी बाटली घेतली होती. कुणावर न सोपवता स्वतः गरम पाण्यानं तीनदा धुतली होती. आणि शेवटी वास घेऊन खात्री करून घेतली होती, हे त्यांनी दोनदा सांगितलं. सिगारचं पाणी म्हणजे चेष्टा नाही.

आधी तिच्यात काय होतं, विचारलं.

“लवंगेचं तेल. दुसरं काय असणार माझ्याकडे?”

मी झाकण उघडून बाटली त्यांच्यापुढे केली. त्यांनी डोळे मिटून, सिगारचा घेतात तसा लांब श्वास घेतला आणि म्हणाले, काही नाही, स्वच्छ पाणी. मग मी दार उघडलं आणि बाटली बाहेरच्या गृहस्थांपुढे धरली. ते जागच्या जागी मागं सरकले. खुर्ची भिंतीला टेकली. दोन्ही हातांनी गाल झाकून ते म्हणाले, तेल नको, बाई, त्यापेक्षा दात काढून टाका.

डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बाटलीकडे. बत्तीस वर्षं डॉक्टरांचे हात, कपडे, पडदे सगळे त्या तेलात मुरलेले. जगात एवढा एकच वास त्यांच्या नाकाला उरला नव्हता, आणि बाटलीत नेमका तोच होता. दुसऱ्या कुणी धुतली असती तर पहिल्याच हुंगण्यात फेकून दिली असती.

“जीभसुद्धा बधिर झाली म्हणाला होता तो,” डॉक्टर खुर्चीत बसत म्हणाले. “मी त्याला म्हटलं, वय झालं तुझं.”

६

संध्याकाळी तिघंही आमच्याकडे आले, न बोलावता, एकामागून एक, पेपर फुटल्यावर मुख्याध्यापकांसमोर उभी राहणारी मुलं असतात तशी. काकूंनी पेटी आणली होती. डॉक्टरांनी बाटली टेबलावर ठेवली.

मी सगळं क्रमानं सांगितलं. आधी थोटकं, मग तिरकं जळण, मग बाटली.  संपल्यावर बाबांनी आपली वही मागितली. ती रद्दीत टाकलीच नव्हती मी. कालच्या पानावर त्यांनी पहिलाच शब्द लिहिला होता ‘लवंग’, पुढं ‘फार’, आणि मग दोन्ही शब्दांवर काट मारली होती. तिघांचे मार्क ऐकल्यावर मारली असणार, कारण शाई वेगळी होती. काट मारलेल्या त्या शब्दांवरून ते अंगठा फिरवत राहिले.

मग बाटलीचं झाकण काढलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. त्यांचे खांदे हलायला लागले आणि मी घाबरून पुढे झाले, तर ते हसत होते. हसता हसता डोळे पुसत होते, आणि पुसून पुन्हा हसत होते.

“त्र्याण्णव,” ते काकूंना म्हणाले. “लवंगेच्या तेलाला त्र्याण्णव दिलेत तुम्ही?”

काकू म्हणाल्या, तुमच्या बायकोला दिले, तेलाला नव्हे.  बाबांनी पेटी जवळ ओढली, झाकण उघडलं, स्पंजाची डबी काढून खिडकीत ठेवली. सिगार सुधारतील का, घड्याळवाल्या काकांनी विचारलं. उघडे ठेवले तर सहा-आठ महिन्यांत वास कदाचित उडेल, बाबा म्हणाले, कदाचित नाही उडणार. उडाला नाही तर ती वरून माझ्यावर हसेल. पण पुढच्या वेळी जो कुणी माझ्या तोंडाकडे बघून मार्क देईल, त्याची खुर्ची मी गच्चीवर टाकीन. डॉक्टरांनी प्लास्टिकची नवी बाटली देतो म्हटलं. बाकीचे तिघं एकदम म्हणाले, नको, आम्ही विकत आणू.

मग बाबा फोनपाशी गेले. शनिवारची वेळ रद्द करताना त्यांचा आवाज इतका खणखणीत होता, की पलीकडच्या बाईंनी बहुधा तब्येत विचारली असावी, कारण ते म्हणाले, उत्तम. फोन ठेवून त्यांनी मुंगीला हाक मारली आणि उद्या शाळेत जाताना कुठले बूट घालायचे ते ठरवायला सांगितलं. माझ्या छातीवर दुपारपासून बसलेलं काहीतरी उठून गेलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडला आणि थोडी रडून घेतली.

परत आले तेव्हा मित्र गेले होते. मुंगी आजोबांच्या मांडीवर बसली होती. सगळं तिनं ऐकलं होतं, मुलं ऐकतात तसं, खेळता खेळता. आता तिच्या शंका सुरू झाल्या. काकूंनी खोटं का लिहिलं? आजोबांना वाईट वाटू नये म्हणून, मी म्हटलं. मग आजोबांना वाईट नाही वाटलं? वाटलं, उलट जास्तच वाटलं. मग खोटं लिहायचं नाही ना? नाही लिहायचं, मी म्हटलं, आणि बाबा माझ्याकडे बघून मिशीत हसले.

 मुंगीनं आजोबांच्या हातातून पेन घेतलं, त्यांच्या वहीचं कोरं पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं.

“आई, मी गाणं म्हणते तेव्हा तू म्हणतेस, खूप छान. त्याला शंभरपैकी किती? खरे लिही.”